नमुनेवाले रशीदभाई

परवा विद्यापीठानं एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका छापली. आपल्याकडचं गेल्या काही वर्षांतलं प्रभावी संशोधन, असा तिचा विषय. त्यात आमचा पेपर आहे. भीमेकाठच्या विहिरींच्या पाण्यात उतरलेलं नायट्रेट. शेजारी माझ्या गाईड सरांचा फोटो. अंगात पांढराशुभ्र कोट, हातात परीक्षानळी आणि नळीत निळंशार पाणी. नायट्रेटच्या आमच्या तपासणीत रंग पिवळा येतो. सरांना हे माहीत नसेल असं नाही, पण फोटोग्राफरला निळा बरा वाटला म्हणे. ज्या माणसानं त्या भागातल्या एकाही विहिरीत कधी डोकावून पाहिलं नाही, त्याच्या हातात निळं पाणी आणि खाली ओळ, ‘समाजाशी नाळ जोडणारे संशोधन’. कसली नाळ अन् कसलं काय!

दुसऱ्या लेखकाच्या जागी माझं नाव आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पेढे मागितले. मी आणले, स्वतः एक तोंडात टाकला. बाहेर जाऊन थुंकून आले. कुणी पाहिलं नाही.

त्या पुस्तिकेत रशीदभाईंचं नाव नाही. मूळ पेपरात अगदी शेवटी, बारीक अक्षरात, ‘प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार’ मानलेत. त्यात ते आले असतील तर आले.

रशीदभाई बागवान दौंडच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मूळचे शिरूरचे. घरात सगळे फळांच्या धंद्यातले, भाऊ, चुलते, मेहुणे, सगळे. “आमच्यात मीच एकटा आंबट निघालो, ॲसिडात पडलो,” असं ते नव्या पोरांना सांगायचे आणि पोरं हसली नाहीत तर पुन्हा सांगायचे. उंच, किडकिडीत, पँट पोटावर जरा वरच बांधलेली, खांद्यावर चौकड्याचा पंचा. बोटांची नखं ॲसिडनं पिवळी पडलेली. डोळ्यांना चष्मा होता, पण तो कायम कपाळावर. शोधायची वेळ आली की आख्खी प्रयोगशाळा पालथी घालायचे आणि कुणी सांगितलंच तर म्हणायचे, “ठावं हाय. तिथंच ऱ्हाऊ द्या, बाकीचं तरी सापडंल.”

काचसामान धुण्याच्या बाबतीत ते सासूच्या वरताण. साबणाचं पाणी, मग नळाचं, मग डिस्टिल्ड. उन्हात नाही, सावलीत उपडं घालायचं. विहिरीवर गेलं की बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा खळबळून ते पाणी टाकून द्यायचं आणि चौथ्यांदा बाटली भरायची. एकदा मी घाईत दोनदाच खळबळली. त्यांनी माझ्या हातातनं बाटली घेतली आणि पाणी ओतून दिलं. मी विभागप्रमुख, प्रभारी का होईना, आणि हा माणूस मला विद्यार्थ्यांदेखत म्हणतो, “पानी खोटं बोलत न्हाई मॅडम. बाटली खोटं बोलती.” राग आला होता मला. खूप आला होता.

माझ्या पीएचडीसाठी नमुने त्यांनीच गोळा केले, हे आधीच सांगून टाकते. मी जायचे कधीमधी, फोटोपुरती. ते जायचे दर पंधरा दिवसांनी, जुन्या मोपेडवर, मागं थर्मोकोलचा खोका दोरीनं बांधून. खोक्यात बर्फ आणि बर्फात बाटल्या. निमोणे गावात पोरं त्यांच्यामागं “ए कुल्फीवाले, ए कुल्फीवाले” करत पळायची. पहिल्या वेळी त्यांनी खोका उघडून दाखवला. पोरं हिरमुसली. पुढच्या खेपेला रशीदभाई खोक्याच्या एका कोपऱ्यात खरंच पाच-सहा कुल्फ्या घालून घेऊन गेले. मी म्हटलं, “अहो, नमुन्यांच्या खोक्यात खायचं काही ठेवायचं नसतं.” तर म्हणाले, “कुल्फीला नायट्रेट लागत न्हाई, आन् नायट्रेटला कुल्फी लागत न्हाई. येगळ्या पिशवीत हाय. पर ती पोरं मला आता आडाची दोरी धरू लागत्यात.”

आणखी एक त्यांची खोड होती. ज्या घरची बाटली भरायची, त्या घरचं पाणी आधी मागून प्यायचं. तांब्याभर. मी ओरडायचे, की अहो, तेच तपासायला नेतोय ना आपण! ते शांतपणे मिशा पुसायचे. “आपुन तिच्या पान्यावर शक घेतोय, मॅडम. घरच्या बाईला वाईट वाटतं. आधी पिलो म्हंजी तिला कळतं, हा मानूस नावं ठेवाया आला न्हाई.” मी कधी प्यायले नाही. माझ्या पर्समध्ये विकतची बाटली असायची.

आता जरा विद्यापीठातल्या संशोधनाविषयी. बोलू नये, पण बोलते. आमच्या कॉलेजात एकदा आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आंतरराष्ट्रीय कशानं, तर कुरकुंभच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर अर्धा तास येऊन बसला होता म्हणून. बिचाऱ्याला शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. एकेका पेपरला चार मिनिटं. चौथ्या मिनिटाला घंटी, टाळ्या, प्रमाणपत्र. जेवणाच्या रांगेत सगळे प्रमाणपत्रावरच्या नावाची स्पेलिंगं तपासत होते. रशीदभाई दिवसभर खुर्च्या लावत आणि माईक दुरुस्त करत फिरत होते. संध्याकाळी सतरंज्या गुंडाळताना मला विचारलं, “मॅडम, एवढे पेपर लोकं लिवत्यात. मंग वाचतं कोन?” मी म्हटलं, “पुढचा पेपर लिहिणारा.” मला वाटलं मी मोठा विनोद केला. ते हसले नाहीत.

गाईड सरांचाच दुसरा एक विद्यार्थी होता. गावातल्या लोकांना पाण्याविषयी काय काय माहिती आहे, याची त्याची पाहणी. छापील प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन तो आमच्या कँटीनमध्ये मित्रांसोबत बसला आणि दोन दुपारांत सगळे गठ्ठे भरून मोकळा झाला. वेगवेगळ्या रंगांची पेनं होती. काही अर्ज डाव्या हातानं भरले, का तर म्हणे शेतकऱ्याचं अक्षर वाटलं पाहिजे. रशीदभाई चहा प्यायला गेले होते. एक अर्ज उचलून वाचला. म्हणाले, “निमोण्यात ह्या आडनावाचं एक बी घर न्हाई, साहेब.” पोरगा म्हणाला, “काका, नमुना आहे तो. नमुना.” रशीदभाईंनी अर्ज खाली ठेवला, हात पंच्याला पुसले आणि चहा तसाच टाकून उठले. नंतर त्या पाहणीचा पेपर झाला, मग त्या पेपराच्या आधारे दुसऱ्या कुणाचा, आणि दुसऱ्याच्या आधारे तिसऱ्याचा. आज कुठंतरी परगावी कुणीतरी मन लावून वाचत असेल, की निमोण्याच्या लोकांना काय वाटतं! नसलेल्या माणसांना काय वाटतं ते! मी सगळं जाणून होते आणि गप्प होते, कारण माझा प्रबंधही त्याच सरांच्या टेबलावर होता.

वडगाव रासाईच्या शिवारात, नदीपासून जरा आत, एक वस्ती आहे. आठ-दहा घरं, सगळीकडं ऊस आणि मधे एक विहीर. आमच्या पेपरात तिचं नाव एस-सतरा. पेपरात गावं नसतात, माणसं तर नसतातच. एस-सतरावर पहिलं घर मंगलबाईंचं. सून प्रियंका नुकती बाळंत झालेली, अंगावरचं दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरचं दूध चालू होतं. रशीदभाई नमुना घ्यायला गेले, पाणी प्यायले, बाळाला हातात घेतलं आणि मंगलबाईंना सांगून आले, “ताई, लेकराला पानी उकळून द्यायचं बरं का. चांगलं खळखळा.” आपल्याकडं शाळेत, दवाखान्यात, भिंतीवर, सगळीकडं हेच सांगितलंय. त्यांनी मोठ्या मायेनं सांगितलं आणि वर स्वतःचा फोन नंबर दिला.

पंधरवड्यानं निकाल आला. नळीत रंग इतका गडद पिवळा, की त्यांनी मला हाक मारली. बाटलीचा दोष नको म्हणून पुन्हा जाऊन नमुना आणला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आणला. तेच. उसाला टाकलेलं वर्षानुवर्षांचं खत त्या विहिरीत उतरलं होतं. मोठ्या माणसाला एकवेळ चालून जातं, पण तान्ह्या बाळाचं रक्त त्यानं निकामी होतं, बाळ निळं पडतं. आणि नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, ते राहतं, म्हणजे जितकं उकळाल तितकं ते घट्ट. मी हे पुस्तकातनं वाचून दाखवलं तेव्हा रशीदभाई स्टुलावर बसले. “मी सांगून आलोय त्यांना,” म्हणाले. “खळखळा उकळा म्हनून मीच सांगून आलोय.”

निकालाचा कागद विभागप्रमुखाच्या सहीशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. तो मोडणाऱ्या एका शिपायाला रशीदभाईंनी एकदा मुख्याध्यापकासारखं फैलावर घेतलं होतं. म्हणून त्यांनी निकाल स्वच्छ अक्षरात मराठीत लिहिला आणि माझ्या टेबलावर ठेवला. “सही करा मॅडम. आजच्या आज देऊन येतो.”

मी सही केली नाही. गाईड सरांना फोन केला.

“मूर्ख आहात का?” सर म्हणाले. “पेपर छापून येईपर्यंत एक आकडा बाहेर जाता कामा नये. गावात बोंबाबोंब झाली, पेपरवाले आले, तर नियतकालिक आपलं काम परत पाठवेल. शिवाय पुढचे नमुने कोण देईल? आणि प्रबंध कधी जमा करायचाय तुम्हाला?”

शेवटचा प्रश्न त्यांनी फार गोड आवाजात विचारला. मी रशीदभाईंना म्हटलं, “थोडं थांबा. विद्यापीठाची पद्धत असते एक.” विद्यापीठ म्हटलं की त्या माणसाच्या चेहऱ्यावर आदर यायचा, तो मी वापरला. त्यांना वाटलं, एवढी मोठी संस्था थांबवतेय म्हणजे आणखी काहीतरी पक्कं करत असेल. तीनदा तपासणाऱ्या माणसाला चौथ्यांदा तपासणं गैर वाटत नाही. इथंच ते चुकले. आयुष्यभर काटेकोरपणा केला आणि काटेकोरपणानंच त्यांचे हात बांधले.

दोन महिने तो कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली होता. दर सोमवारी ते यायचे. पेपरवेट उचलायचे, कागदाखाली पाहायचे आणि पेपरवेट पुन्हा ठेवायचे. एकदा एवढंच म्हणाले, “मॅडम, मी नुसता तोंडानं सांगून येऊ का?” मी म्हटलं, “माझी नोकरी घालवायचीय का तुम्हाला?” ते गेले. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी प्रात्यक्षिक चालू असताना त्यांचा फोन वाजला. मंगलबाई. फोनचा आवाज मोठा होता, मला पलीकडं ऐकू आलं.

“भाऊ, लेकरू निळं पडलंया ओ! व्हट, नखं, समदं निळं. पानी तर आमी उकळूनच देतोय. कालपास्नं अजून जास्त उकळतोय. अर्धं आटवून देतोय, भाऊ.”

रशीदभाईंच्या हातातली नळी खाली पडून फुटली. पहिल्यांदाच. “उकळू नका!” ते ओरडले. “ते पानीच देऊ नका! घेऊन या दौंडला, तडक या, मी दवाखान्यात थांबतो. डाक्टरला सांगतो मी, पान्यातनं झालंय म्हनून.” पंचा खांद्यावरनं गळून पडला तोही त्यांनी उचलला नाही. विद्यार्थी माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, “काम चालू ठेवा.”

डॉक्टरांनी आधी हृदयाचा दोष धरला असता. दारातच उभ्या असलेल्या या माणसानं पाण्याचे आकडे सांगितले म्हणून योग्य औषध वेळेत गेलं. बाळ वाचलं. दोन दिवस रशीदभाई दवाखान्याच्या बाकावर होते. तिसऱ्या दिवशी ते वस्तीवर गेले आणि बाकीच्या घरांना तोंडानं सांगितलं. तिथं आणखी एक बाई गरोदर होती. लोक म्हणाले, “कागद कुठंय? कोन म्हनतं पानी वाईट? आमच्या बापजाद्यांनी हेच पिलंय.” रशीदभाई परत आले, पेपरवेटखालचा कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, “सरांना विचारते.”

आणि सरांना विचारलं तर सर काय म्हणाले? मला वाटलं गप्प होतील, घाबरतील, निदान बाळ कसं आहे एवढं तरी विचारतील. सर म्हणाले, “अरे वा! म्हणजे आपल्याला क्लिनिकल जोड मिळाली! याचा स्वतंत्र पेपर होईल. दवाखान्याचे कागद मिळवा आणि आईची संमती घ्या. लवकर घ्या, दुसरं कोणी नेईल.”

वा म्हणाले हो तो माणूस. अरे वा!

मला तेव्हा फोन ठेवून त्यांच्या नावानं बोटं मोडता आली असती. मी संमतीपत्र छापून घेतलं. इंग्रजीत, दोन पानी. रशीदभाईंना म्हटलं, “तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, तुम्ही चला.” त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर घेतला, पुन्हा पाहिलं आणि गाडीत येऊन बसले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले आणि शिरूरला निघून गेले. भावाच्या फळांच्या गाड्यावर बसतात असं कळलं. मी शिरूरला दोनदा गेले, दोन्ही वेळा बाजारातला रस्ता टाळून. त्यामुळं त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या दिवशी, वस्तीवरच.

मंगलबाईंनी आम्हाला पाहिल्याबरोबर खाट टाकली. बाळ प्रियंकाच्या कडेवर, चांगलं गुटगुटीत, मुठी चोखत. मंगलबाई रशीदभाईंच्या पाया पडायला वाकल्या. “तुमच्यामुळं वाचलं ओ लेकरू आमचं.”

रशीदभाईंनी त्यांना धरून उभं केलं. “माझ्यामुळं न्हाई, ताई. आमाला दोन म्हयने आधी ठावं हुतं.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. आजूबाजूच्या घरांतल्या बाया जमल्या होत्या, ती गरोदर बाईही होती.

“दोन म्हयने?” प्रियंका म्हणाली. “मग सांगितलं का न्हाई?”

“सही न्हवती.”

“कुनाची?”

रशीदभाईंनी मान वळवली नाही. माझ्याकडं बोट केलं नाही.

“मग माझी घ्यायची की,” प्रियंका म्हणाली. “मला येती सही. बारावी झालीया माझी.”

संमतीपत्र माझ्या हातात होतं. रशीदभाईंनी हात पुढं केला आणि ते घेतलं. मला वाटलं, आता तिच्यापुढं धरतील. त्यांनी ते उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. “पेन द्या मॅडम,” म्हणाले. मी दिलं.

ते खाटेशी उकिडवे बसले आणि खाटेवर कागद ठेवून सावकाश, गोल अक्षरात लिहू लागले. वस्तीवरच्या विहिरीचं पाणी तान्ह्या लेकराला पाजू नये. उकळून तर मुळीच पाजू नये. गरोदर बाईनं पिऊ नये. पाणी तीन वेळा तपासलं आहे. लिहिलेलं प्रत्येक वाक्य ते मोठ्यानं वाचत होते आणि बाया ऐकत होत्या. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली. इतक्या वर्षांत निकालावर त्यांनी केलेली ती पहिली सही. मग पेन प्रियंकाला दिलं. तिनं बाळ सासूकडं दिलं आणि सही केली. त्या गरोदर बाईनं पेन मागून घेतलं. तिनंही केली.

कागद माझ्या समोरून या हातातनं त्या हातात जात होता. शेवटी रशीदभाईंनी पेनाला टोपण लावलं आणि मला परत दिलं. सही त्यांनी माझ्याकडं मागितली नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं.